सहस्रकुंडाचा मे महिन्यातला फोटो

सुट्टीत सहस्रकुंडला गेलात ना? मग स्टेटसला गेल्या पावसाळ्यातला धबधबा कशाला? मे महिन्यात तिथं काय असतं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. काळाभोर तापलेला खडक, कुठंतरी डबक्यात हिरवट पाणी. पलीकडे नांदेड, अलीकडे आपला उमरखेड तालुका, मधे आटलेली पैनगंगा. काठावरची गावं इसापूर धरणातून पाणी कधी सुटतं याची वाट बघतात. आणि आपण? 'काहीच नाही बे इथं' म्हणत मोबाईल खिशात! मग तो फेसाळता फोटो पाहून पुण्यातला मित्र विचारतो, तुमच्याकडे कुठाय टंचाई? काय सांगणार त्याला? तो कोरडा खडकही टाका ना. लाईक कमी येतील, येऊ द्या. ऑगस्टमध्ये परत जालच, तेव्हा त्याच जागेवरून दुसरा काढा.