कापूसकोंड्याची गोष्ट आणि संगणकाचा पहिला धडा

आम्ही काही माजी विद्यार्थी दर रविवारी आपल्या शाळेच्या संगणक कक्षात आठवी-नववीच्या निवासी मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. यंदा या वर्गासाठी मराठीतून एक छोटी पुस्तिका लिहावयास घेतली आणि पहिल्याच बैठकीत आमच्यात मतभेद झाला. पुस्तिकेत विनोद असावा की नसावा, एवढाच प्रश्न होता. काहींचे म्हणणे असे की, मुले संगणकाला बिचकतात. ती एकदा हसली की भीड चेपेल. इतरांचे म्हणणे असे की, घरापासून दूर राहून परक्या भाषेतील शास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या वाटेत थट्टामस्करी पेरू नये. वाद दोन महिने चालला. त्यातून आमचे जे मत बनले ते येथे मांडत आहोत. कारण या स्मरणिकेचे वाचक म्हणजे या मुलांचे पालक, किंवा त्यांच्याआधी त्याच बाकांवर बसून गेलेले आपले सोबती.

विनोदाची बाजू दुबळी नाही. पायथन हे नाव मुळात अजगरावरून आलेलेच नाही. नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या डिसेंबरात या भाषेचे काम हाती घेतले आणि बीबीसीवरील 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या विनोदी मालिकेवरून तिला नाव दिले. त्या मालिकेतील प्रसंगांचे उल्लेख करण्यास नुसती मुभा नव्हे तर उत्तेजन आहे, असे भाषेच्या अधिकृत पाठमालेतच सांगितले आहे. रुबी या दुसऱ्या भाषेची एक मार्गदर्शिका तर व्यंगचित्रांतील बडबड्या कोल्ह्यांमुळेच प्रसिद्ध झाली. 'व्हाय द लकी स्टिफ' असे टोपणनाव घेणारा तिचा लेखक 2009 च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवरून अचानक दिसेनासा झाला. वाचकांनी मात्र पुस्तक जपून ठेवले. कोरड्या पुस्तकासाठी एवढी धडपड सहसा कोणी करीत नाही.

तथापि हेच विनोद आमच्या वर्गात आले तेव्हा काय घडले, तेही सांगितले पाहिजे. पायथनच्या अनेक उदाहरणांत चलाला 'स्पॅम' असे नाव दिलेले असते. 1970 सालच्या त्या मालिकेतील एका प्रसंगात एका उपाहारगृहाच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम, म्हणजे डबाबंद मांस, असते आणि त्या शब्दाच्या गजरात बाकीचे बोलणे बुडून जाते. नकोशा ईमेलला स्पॅम म्हणतात तेही यावरूनच. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, स्पॅम म्हणजे फालतू मेल ना? मग त्यात संख्या कशी ठेवायची?" दुसऱ्याने तर तो पायथनचाच आवश्यक शब्द समजून पाठ केला होता आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या आरंभी तो भक्तिभावाने लिहीत होता. जो मुलगा इंग्रजीचे प्रत्येक वाक्य शब्द जुळवत वाचतो, त्याला कोणते वाक्य सूचना आहे आणि कोणते गंमत, हे कळावे कसे? एवढे कष्ट करून वाक्याच्या शेवटी पोहोचावे आणि तेथे आपल्याला न कळणारा विनोद निघावा, यात त्याला एकच गोष्ट कळते: हे पुस्तक दुसऱ्या कोणासाठी लिहिलेले आहे.

याहून नाजूक बाब वाचकावरच केलेल्या विनोदाची आहे. 1991 मध्ये डॅन गुकिन यांचे 'डॉस फॉर डमीज' निघाले आणि त्यामागोमाग त्याच धर्तीच्या पुस्तकांची मोठी मालिका उभी राहिली. डमी म्हणजे आपल्याकडचा 'ढ'. आपल्या कामात तरबेज असलेला, पण संगणकापुढे गोंधळलेला माणूस ते पुस्तक विकत घेताना स्वतःवर हसत असे. त्या हसण्याला आमची हरकत नाही; ते त्याला परवडणारे होते. पण ज्याला मागच्या बाकावर बसवून कोणी खरोखरच 'ढ' म्हटले आहे, त्या मुलाच्या हाती असे शीर्षक ठेवून पाहावे. आमच्यापैकी दोघांनी तो शब्द लहानपणी, येथे येण्यापूर्वी, दुसऱ्या एका शाळेत ऐकलेला आहे. बैठकीत या मुद्द्यावर मतदान घ्यावे लागले नाही.

मग विनोद वर्ज्य करावा काय? तसेही आम्हांस वाटत नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशातील हजरजबाबी संवादांचा उपयोग लोकशिक्षणासाठी केला आणि पुस्तक हाती न धरलेल्या माणसांपर्यंत विचार पोहोचवला. ते साधले, कारण हसवणारा आणि हसणारा एकाच वस्तीतले होते, आणि विनोदाचा रोख ऐकणाऱ्यावर नव्हता.

आमच्या वर्गात याचा पडताळा अनपेक्षितपणे आला. एका अटीवर पुन्हा पुन्हा तेच करीत राहणारी 'व्हाइल' ही रचना दोन रविवार शिकवूनही मुलांच्या गळी उतरत नव्हती. तिसऱ्या रविवारी आमच्यातील एकाने फळ्याकडे पाठ फिरवली आणि विचारले, "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" मुले म्हणाली, "सांगा." त्याने तोच शब्द उचलून पुन्हा तोच प्रश्न केला. हो म्हणा, नको म्हणा, गप्प बसा. प्रश्न काही संपेना. दोन मुलांनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. ती सर्वांत जास्त चिडली. मग तोच संवाद पायथनमध्ये लिहिला. पडद्यावर प्रश्नांची रांग लागली, आणि ती कशी थांबवावी हे मुलांनी आपण होऊन विचारले. 'कंट्रोल' आणि 'सी' या कळा एकत्र दाबायच्या, हे त्या दिवशी कोणालाही पाठ करावे लागले नाही. जेवणाची घंटा झाल्यावर भोजनगृहातही तीच गोष्ट चालू होती, असे गृहपालांनी किंचित त्रासिक स्वरात सांगितले.

चुकांच्या प्रकरणातही असेच झाले. चलाच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पायथन 'नेमएरर' देऊन मोकळा होतो. मुलांना तो आपला अपमान वाटे. आम्ही पुस्तिकेत संगणकाला खिडकीपलीकडचा कारकून केले: दाखल्यावरील आणि आधार कार्डावरील नावात एका अक्षराचा फरक आहे, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज परत. हे वाचून मुले खळखळून हसली, कारण त्या खिडकीपुढे आपल्या आईवडिलांसोबत ती उभी राहिलेली आहेत. येथे हसू येते ते यंत्राच्या आडमुठेपणाचे, आणि अर्ज कसा दुरुस्त करावा हेही त्याच वाक्यात कळते.

म्हणून आम्ही एक कसोटी ठरवली आहे. विनोद काढून टाकल्यावर धडा जसाच्या तसा उरत असेल, तर तो विनोद काढूनच टाकायचा. पुस्तिका चाळीस पानांची होती, आता एकतीस झाली आहे. गाळलेल्या काही कोट्या आमच्या स्वतःच्या होत्या आणि त्या जाताना थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे.

'फंक्शन'च्या प्रकरणाला मात्र साजेशी गोष्ट अजून सापडलेली नाही. एकदा शिकवून ठेवलेले काम नुसते नाव घेताच पुन्हा करून देणारे कोणीतरी त्यात हवे. कोणा पालकांना किंवा आजीआजोबांना अशी गोष्ट आठवत असेल, तर मुलांना भेटावयास येताना संगणक कक्षात जरूर डोकवावे. रविवारी दुपारी तीनपर्यंत आम्ही तेथेच असतो.