मधलं नाव कुणी खोडलं?

टीबी म्हणजे काय हे आपल्या वस्त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. खोकला, रक्त, खाटेला चिकटलेला माणूस. आणि एके काळी दवाखान्यात ढुंगणावर टोचली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची सुई. टीबीवर खऱ्या अर्थाने चाललेलं हे पहिलं औषध. ते कुणी शोधलं? सामान्यज्ञान पाठ केलेला कुणीही सांगेल, वॅक्समन. १९५२ चं नोबेल. विषय खलास.

माझा विषय इथून सुरू होतो.

जानेवारी १९४४ मध्ये या औषधाचा पहिला शोधनिबंध छापून आला. त्यावर नावं तीन. शाट्झ, बुगी, वॅक्समन. मधली एलिझाबेथ बुगी. वय २३. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात मातीतल्या जंतूंवर काम करणारी पोरगी.

तिथलं काम म्हणजे मातीशी झोंबी. माती पाण्यात कालवा, काचेच्या बशीत पसरा, कोणता जंतू कुणाला वाढू देत नाही ते बघत बसा. शेणखत मुरलेल्या शेतातली माती आणि कोंबडीचा घसा, यांतून आल्बर्ट शाट्झने १९४३ साली हा औषधी जंतू काढला. पांढरपेशे ज्याला नाक मुरडतात, नेमकं तिथूनच लाखोंना जगवणारं औषध निघालं. बुगीने शाट्झचे प्रयोग पुन्हा करून ताडून पाहिले.

‘फक्त ताडूनच पाहिलं ना?’ असं कुणी विचारेल. मी म्हणतो, एका हाताने साधलं ते नशीबही असू शकतं. दुसऱ्या हाताने तेच साधलं की मग त्याला विज्ञान म्हणायचं.

पेटंट मिळालं १९४८ साली. त्यावर नावं दोन. वॅक्समन आणि शाट्झ. मधलं नाव गायब!

वकील म्हणेल, निबंधाचा लेखक वेगळा, पेटंटचा संशोधक वेगळा. कबूल. हे कारण तिच्या तोंडावर सांगितलं असतं तर तिला वाद तरी घालता आला असता. पण बुगीने पुढे घरच्यांना सांगितलेली हकीकत अशी, की तू उद्या लग्न करशील, पोरंबाळं होतील, पेटंटवरच्या नावाचं तुला काय एवढं, म्हणून तिची समजूत काढली गेली. यात कायदा कुठाय? हा तर चुलीचा हुकूम. फक्त प्रयोगशाळेत बसून सोडलेला.

शाट्झलाही डावललं होतंच. पण तो १९५० साली कोर्टात गेला, भांडला. तडजोडीत त्याला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीचे ३ टक्के मिळाले. वॅक्समनला १० टक्के. बुगीला ०.२ टक्के. शंभर रुपयांत वीस पैसे! आणि नोबेल एकट्या वॅक्समनला.

बुगी २००१ साली वारली. स्त्रीमुक्तीची चळवळ तेव्हा असती तर पेटंटवर माझं नाव असतं, अशा अर्थाचं ती म्हणून गेलीय. मला हे तिचं रडगाणं वाटत नाही. तिने रोगाचं अचूक निदान केलंय. काम हातात होतं, पुरावा छापलेला होता, पाठीशी उभी राहणारी माणसं नव्हती. एकट्या माणसाची समजूत काढणं फार सोपं असतं.

तेव्हा परीक्षेत, भाषणात, चहाच्या टपरीवर स्ट्रेप्टोमायसिनचा विषय निघाला, तर तिन्ही नावं घ्या.

मधलं आधी.