गव्हावांचून चिनी मोदक

आंबेगांव तालुक्यांतील निरगुडसर येथून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें जेवावयास बसतात. त्यांपैकीं सात वर्षांच्या नातवास डॉक्टरांनीं गव्हाचें पथ्य सांगितलें आहे, आणि तें जन्मभराचें. मंचरास गेलें कीं गाडीवरचे मोमो त्याचीं चुलत भावंडें खातात व तो पाहत उभा राहतो. तेव्हां हा चिनी वळणाचा पदार्थ गव्हाशिवाय घरीं कसा करावा, असें त्यांनीं विचारलें आहे. मुलासाठीं वेगळें करण्याचा कंटाळा नाहीं, परंतु त्यास पंगतींत वेगळें पाडणें जिवावर येतें, असें त्या लिहितात. प्रश्न पाककृतीचा दिसला तरी त्याचें मर्म या वाक्यांत आहे, म्हणून या महिन्याचें सदर आम्हीं त्यासच दिलें आहे.

ह्या विकारास वैद्यकांत सिलिअ‍ॅक असें नांव आहे. गहूं, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें एक चिवट प्रथिन असतें. कणीक ताणली जाते, पोळी लाटतां येते, पाव फुगतो, तें याच्याच बळावर. पुष्कळांस तें सोसतें. कांहीं जणांच्या पोटांत मात्र तें गेलें कीं शरीर आपल्याच लहान आंतड्यावर उलटतें; आंतड्याच्या आंतील बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. मूल वाळतें, पोट तेवढें पुढें दिसतें, रक्त कमी होतें, उंची खुंटते. घरांतील वडील माणसें दृष्ट काढतात, जंताचें औषध देतात, आणि ताकद यावी म्हणून तुपाचा शिरा खाऊं घालतात! म्हणजे ज्यानें दुखतें तेंच अधिक.

हें सारें गव्हामुळें होतें हें जगास कळावयासहि फार काळ लागला. लंडनचे डॉ. सॅम्युएल जी यांनीं १८८८ सालीं या रोगाचें वर्णन केलें व उपाय आहारांतच सांपडेल असेंहि म्हटलें. परंतु कोणत्या आहारांत, तें उमगलें नव्हतें. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांस गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत महायुद्धामुळें त्या देशांत अन्नान्नदशा झाली. लोकांनीं ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. त्या भयंकर दिवसांत पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं आजारी मुलें सुधारलीं, आणि पाव परत आला तशीं पुन्हां खालावलीं. डिके यांनीं १९५० सालीं आपला प्रबंध लिहून ही गोष्ट मांडली. आजहि या विकारावर गोळी नाहीं. पथ्य हेंच औषध. एक गोष्ट मात्र येथेंच सांगून ठेवावयास हवी. नुसत्या संशयावरून घरच्या घरीं गहूं बंद करूं नये. रक्ताची व आंतड्याच्या तुकड्याची तपासणी गहूं चालूं असतांनाच करावी लागते. आधींच बंद केला तर तपासणींत कांहीं दिसत नाहीं आणि निदान लांबणीवर पडतें.

आतां पथ्याकडे वळूं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, यांत कशांतहि ग्लूटेन नाहीं. म्हणजे आंबेगांवच्या पूर्व भागांतील बाजरीची भाकरी आणि पश्चिमेस भीमाशंकराकडील भात, हा त्या मातीचा जुना आहार या मुलास निर्धास्त चालतो. गव्हाची पोळी रोजची झाली ती अलीकडे; पूर्वी ती सणाची व पाहुण्यांची होती. भाकरीस आपण गरिबीचें खाणें ठरविलें, ही चूक पोटाची नव्हे, प्रतिष्ठेची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. उपासाचा फराळ तर जवळजवळ सगळाच या मुलाच्या उपयोगी पडणारा आहे.

परंतु धान्य निवडून काम संपत नाहीं. गव्हाचा चिमूटभर अंशहि या मुलांस बाधतो. गव्हाविना म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असूं नये, असा आपल्याकडील सरकारी नियम आहे. गांवच्या गिरणींत गव्हामागून तांदूळ दळले तर पिठी बिघडलीच म्हणून समजावें. सकाळचें पहिलें दळण आपलें असलें तरी आदल्या दिवसाचें पीठ पाळ्यांत व पेटींत अडकून असतेंच. माळ्यावरचें जुनें जातें स्वच्छ धुवून, वाळवून केवळ याच कामास ठेवावें, किंवा घरघंटी असल्यास तींत गहूं घालूं नये. लाकडी पोळपाट व लाटणें यांच्या भेगांत कणीक राहते, म्हणून तीं वेगळीं हवींत. आपल्या आज्यांना हें शिकवावें लागणार नाहीं. सोंवळ्याच्या पाण्यास कोणाचा हात लागूं न देणाऱ्या, सोंवळ्याचें लुगडें उंच दांडीवर काठीनें वाळत घालणाऱ्या त्या बायका! या मुलाच्या पिठाचें सोंवळें त्यांच्या हवालीं करावें. सुनांपेक्षां त्याच तें अधिक कडक पाळतील.

चिनी लोकांच्या ज्या पदार्थाविषयीं विचारणा आहे तो फार जुना. त्यास जिआओझी म्हणतात. तुर्फानजवळ अस्ताना येथील थडग्यांत तांग राजवटीच्या काळचीं, म्हणजे हजार-बाराशें वर्षांहून जुनीं, वाळून टणक झालेलीं जिआओझी सांपडलीं आहेत; आकार आपल्या करंजीचाच. उत्तर चीनमध्यें वर्षअखेरच्या रात्रीं सारें कुटुंब एकत्र बसून तीं भरतें. आपल्याकडे गणपतीच्या दिवशीं मोदक वळावयास सासवा-सुना-लेकी बसतात, तसाच तो देखावा. चीन म्हटलें कीं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचें स्मरण होतें. १९३८ सालीं ते गेले आणि १९४२ च्या डिसेंबरांत तिकडेच वारले, तो मुलूख हाच, उत्तरेचा. तेथें गहूं पिकतो, म्हणून पारी गव्हाची.

दक्षिणेंत कँटनकडे हार गाव नांवाचा एक नाजूक प्रकार आहे. त्याची पारी कांचेसारखी पारदर्शक दिसते, आणि येथें फसण्याचा फार संभव आहे. ती तांदळाची नसून गहूं धुवून काढलेल्या सत्त्वाची असते. आपल्याकडे कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात, तेंच तें. चिकांतून ग्लूटेन पुष्कळसें निघून जातें, परंतु सगळें जात नाहीं. म्हणून हार गाव आणि कुरडई, दोन्ही या मुलास वर्ज्य. उलट बाजूस, तिकडील चिकट तांदळास इंग्रजींत जें नांव आहे तें ग्लूटेनच्या नांवासारखें ऐकूं येतें म्हणून कित्येक घाबरतात. त्या तांदळांत ग्लूटेन मुळींच नाहीं. चिकटपणा सगळा पिष्टाचा.

आणि गंमत अशी कीं, हार गावच्या पारीस जी युक्ति लागते तीच आपल्या उकडीची आहे. ज्या पिठांत ग्लूटेन नाहीं तें गार पाण्यांत कितीहि मळलें तरी भुसभुशीत राहतें. उकळतें पाणी पडलें कीं पिष्टाचे कण फुगतात, फुटतात व एकमेकांस धरतात. गव्हांत जें काम प्रथिनानें होतें तें येथें वाफेनें होतें. ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लास ग्रंथांत तांदळाच्या पिठाचे, वेलदोडा-कापराच्या सुवासाचे मोदक आहेत, आणि गारांसारखे दिसतात म्हणून त्यांस वर्षोपलगोलक असें गोड नांव दिलें आहे. देशावर मात्र तळणीचे मोदक व नागपंचमीचीं पुरणाचीं दिंडें यांस कणीकच लागते. लेण्याद्री आणि ओझर हीं अष्टविनायकांतील दोन स्थानें ज्यांच्या शेजारीं जुन्नरांत आहेत, त्या घरांनीं कोंकणची उकड आपलीशी करण्यास हें एक चांगलेंच निमित्त झालें.

तांदूळ इंद्रायणी घ्यावा. वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांत आंबेमोहराच्या संकरांतून निघालेला हा वाण मुळांतच चिकट असून वासास गोड आहे. शक्यतों नवा तांदूळ असावा. तो धुवून, सावलींत कापडावर वाळवून, बारीक दळून, वस्त्रगाळ करावा. दोन वाट्या पिठीस पाव वाटी साबुदाण्याचें पीठ मिसळावें. साबुदाणा कोरडाच दळून चाळला कीं झालें. पारीस लवचिकपणा व किंचित् चकाकी येते ती यामुळें, आणि नुसत्या तांदळाच्या पारीला जी तडकण्याची खोड असते ती पुष्कळ कमी होते. सव्वादोन वाट्या पाणी, चमचाभर तेल व मीठ घालून खळखळ उकळावें. आंच मंद करून पीठ एकदम ओतावें व उलथन्याच्या दांड्यानें ढवळावें. झांकण ठेवून दोन-तीन मिनिटें वाफ आणावी, खालीं उतरवून आणखी पांच मिनिटें झांकूनच ठेवावें. मग परातींत काढून, हातास पाणी व तेल लावीत, चटके सोसवतील इतकें गरम असतांनाच लोण्यासारखें मऊ मळावें. येथें आळस केला तर पुढची सारी मेहनत व्यर्थ जाते. निवलेली उकड मळून सुधारत नाहीं. म्हणूनच दोन वाट्यांहून अधिक पिठी एका वेळीं उकडूं नये. चौदा माणसांस प्रत्येकीं सहा धरलीं तर चौऱ्याऐंशी होतात. दोन वाट्यांत वीस-बावीस निघतात, तेव्हां चार वेळां उकड काढावी, आणि न लागणारा गोळा ओल्या फडक्याखालीं ठेवावा.

सारणास पाव किलो कोबी अगदीं बारीक चिरून, मीठ लावून अर्धा तास ठेवावा व मुठींत घट्ट पिळावा. हें पिळणें विसरूं नये. सारणास पाणी सुटलें कीं पारी खालून फाटते. त्यांत किसलेलें गाजर, आठदहा फरसबीच्या शेंगा, मूठभर कांद्याची पात, बोटाच्या पेराएवढें आलें, मिरपूड व चमचाभर भाजून कुटलेले तीळ घालावे, आणि तेलावर मोठ्या आंचेनें दोनच मिनिटें परतून निववावें. चातुर्मासांत कांदा चालत नसेल त्या घरीं त्याऐवजीं मटार किंवा पनीर घालावें. पारी लाटण्याच्या भरीस पडूं नये. तेल लावलेल्या केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांत लिंबाएवढी गोळी ठेवून वरून सपाट बुडाच्या पातेल्यानें दाबली कीं सुरेख गोल पारी होते. चमचाभर सारण मध्यें ठेवून ती करंजीसारखी दुमडावी. कडा ओल्या बोटानें चिकटवून, हात वळत असेल तर बारीक कळ्या घालाव्या. मोदकपात्राच्या चाळणींत कोबीचीं पानें अंथरून आठ ते दहा मिनिटें वाफवावें. चिनी लोक कित्येक वेळां तीं पाण्यांत उकळतात. उकडीचीं मात्र उकळूं नयेत, विरतात. खमंग हवीं असल्यास वाफवून निवल्यावर तव्यावर थोड्या तेलांत एका बाजूनें तांबूस करावीं.

सोबतच्या चटणीविषयीं सावध राहावें. बाजारच्या बहुतेक सोया सॉसांत सोयाबीनबरोबर गहूं असतो, आणि माल्ट व्हिनेगर जवाचें असतें. त्यांचें येथें कांहीं अडत नाहीं. आमसुलाचें दाट पाणी, गूळ, मीठ, किसलेलें आलें, लाल तिखट व भाजलेले तीळ यांची पातळ चटणी आम्हांस तर अधिक आवडली. स्वयंपाकघरांतील आणखी एक चोर म्हणजे हिंग. डबींतला बांधानी हिंग पुष्कळदां मैद्यांत मिसळलेला असतो. वेष्टनावरील अक्षरें वाचल्याखेरीज तो फोडणींत घालूं नये. रोजच्या आमटींतून हा मैदा पोटांत जात राहतो, आणि एवढें पथ्य करूनहि मूल सुधारत कां नाहीं, म्हणून आई रडते.

पंगतीचें सांगावयाचें तें असें. हा पदार्थ मुलापुरता सहा करून बाजूस ठेवूं नये. सगळ्यांस तोच करावा. ज्या दिवशीं घरांत हीं वाफवलीं जातील त्या दिवशीं मैद्याचीं दुसरीं आणूं नयेत. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचाच हवा असा हट्ट धरणाऱ्या घरांनीं त्या मुलाचा विचार करावा. प्रसाद नाकारावयास सात वर्षांचें मूल कोठून धजणार? तांदळाच्या रव्याचा शिरा तितकाच चांगला होतो, आणि देवास व शेजाऱ्यांस तो सारखाच चालेल. शेजारच्या काकूंनीं मायेनें हातावर ठेवलेल्या बिस्किटाचा बंदोबस्त यापेक्षां कठीण आहे. त्याचा एकच मार्ग: लपवाछपवी न करतां आळींत सर्वांस सांगून ठेवणें. मुलीचें असेल तर पुढें लग्नाच्या वेळीं अडचण येईल म्हणून आजार झांकणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. त्या मुली सासरीं पहिल्याच वर्षीं चोरून पोळी खाऊन आजारी पडतात.

उकड उरली तर टाकूं नये. तींत हिरवी मिरची, जिरें, कोथिंबीर व मीठ घालून पुन्हां मळावें, चपट्या निवगऱ्या थापून त्याच चाळणींत वाफवाव्या आणि कच्च्या तेलाबरोबर खाव्या. पुष्कळ घरांत मुलें चिनी मोदकांआधीं त्याच पळवितात, तेव्हां थोडी उकड मुद्दामच अधिक काढावी.