एकलव्याच्या नावाने

केंद्र सरकारने १९९७-९८ साली आदिवासी मुलामुलींसाठी निवासी शाळांची योजना सुरू केली आणि त्या शाळांना एकलव्याचे नाव दिले. नाव ठरविणाऱ्यांना त्यातील उपरोध जाणवला असेल असे वाटत नाही. ज्याला गुरूने परत पाठविले, जो मातीच्या पुतळ्यासमोर एकटा शिकला आणि शिकल्याबद्दल ज्याच्याकडून अंगठा मागून घेतला गेला, त्या निषादपुत्राचा गौरव झाला हे खरे. परंतु त्याच्या वाट्याला पुतळाच का आला, जिवंत माणूस का आला नाही, हा प्रश्न जेथल्या तेथे राहिला. खानदेशातील भिल्ल समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतो. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यात तरी हा प्रश्न पुराणातला म्हणून सोडून देता येत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातील ६९ माणसे आदिवासी आहेत आणि साक्षरता ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. धानोऱ्याची एखादी मुलगी येथे बारावी होते, तेव्हा तिने अर्धी लढाई जिंकलेली असते. उरलेली अर्धी पुस्तकांत नसते. कोणत्या परीक्षेचा अर्ज कोणत्या महिन्यात भरावयाचा, जात वैधता प्रमाणपत्राचे कागद आधीच का जमवावयाचे, शिष्यवृत्ती अडली तर कोणाच्या टेबलापाशी उभे राहावयाचे, कोणत्या महाविद्यालयात शिकविले जाते आणि कोणत्या महाविद्यालयात नुसते नाव घातले जाते, हे सारे कोणी तरी सांगावे लागते. पुण्याच्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरात हे ज्ञान रात्रीच्या जेवणाबरोबर वाढले जाते. मामा कोठे तरी अधिकारी असतो, आत्या प्राध्यापक असते, शेजारच्या घरातील मुलगा नुकताच त्याच वाटेने गेलेला असतो. त्याला कोणी मार्गदर्शन म्हणत नाही, कारण ते घरचे बोलणे असते. पुढे निकाल लागला की या बोलण्याचे नाव ‘गुणवत्ता’ असे पडते आणि धानोऱ्याच्या मुलीच्या राखीव जागेविषयी वर्तमानपत्रात पत्रे छापून येतात.

मालमत्तेचा वारसा दिसतो, मोजता येतो, त्यावर कर बसविता येतो. वाट ठाऊक असण्याचा वारसा मात्र दिसत नाही, म्हणून तो अन्यायही वाटत नाही. समाजवादी विचाराने जमीन आणि भांडवल यांच्या वाटणीविषयी जितके लिहिले, तितके या तिसऱ्या ठेवीविषयी लिहिले नाही.

वास्तविक महाराष्ट्राच्या इतिहासात याचे दाखले ठळक आहेत. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हा प्रसंग सर्वांना पाठ आहे. त्यापुढचा भाग तितका सांगितला जात नाही. महाविद्यालयीन शिक्षण अडले, तेव्हा याच केळुसकरांनी तरुणाची गाठ सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. बुद्धी त्यांची स्वतःची होती. ती केळुसकरांनी दिली नाही. त्यांनी दार कोठे आहे ते दाखविले आणि दारापर्यंत सोबत केली. या दोन गोष्टींतील अंतर लक्षात न घेतल्यामुळे एक पक्ष मार्गदर्शकाचे देव्हारे माजवितो आणि दुसरा त्याला फुकाचा ठरवितो.

खानदेशाला तर हा धडा बाहेरून आणण्याची गरजच नाही. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वर्गापेक्षा वसतिगृहात त्यांनी अधिक शिकविले, असे त्यांचे विद्यार्थी सांगत आले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. येथे ते स्वतः ऐकणारे होते. पुढे १९४०-४१ मध्ये त्याच तुरुंगात अठरा वर्षांच्या मधु लिमये यांना त्यांचा सहवास लाभला, आणि सुटकेनंतर लिमये त्यांच्याबरोबर खानदेशात कार्यकर्ते घडविण्याच्या कामाला लागले. एकाच माणसाने एका नात्यात शिकावे आणि दुसऱ्यात शिकवावे, ही साखळी तुरुंगातही तुटली नाही. आज सर्व सोयी असलेल्या महाविद्यालयांत ती तुटलेली दिसते.

अलीकडचा दाखला डॉ. राजेंद्र भारुड यांचा. साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील जन्मापूर्वीच वारलेले, आई मोहाची दारू विकून घर चालविणारी. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांनी मुलाची चमक ओळखली आणि त्याला पुढे शिकविण्याविषयी आईला पटविले. नवोदय विद्यालय, मुंबईचे वैद्यकीय महाविद्यालय, २०१३ ची भारतीय प्रशासन सेवा अशी वाट चालून हा मुलगा नंदुरबारचा जिल्हाधिकारी झाला. करोनाच्या काळात जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प वेळेवर उभे करण्यासाठी देशभर त्याचे नाव घेतले गेले. वर्तमानपत्रांनी ही कथा जिद्दीची म्हणून छापली. ती जिद्दीची आहेच. परंतु ते शिक्षक मथळ्यात कोठेच नव्हते. आणि ज्या शाळेला तसे शिक्षक लाभले नाहीत तेथील जिद्दीचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

व्यवसायांच्या दारांशी तर हा भेद उघडाच आहे. सनदी लेखापाल व्हावयाचे तर कार्यरत लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी सक्तीची आहे. २०२३ पासून तिची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षे झाली. ओळखीवाचून चांगल्या पेढीत ती मिळणे सोपे नाही आणि मिळाली तरी शहरात राहण्याइतके विद्यावेतन हाती पडत नाही. वकिलीत ज्येष्ठाच्या कार्यालयात पहिली वर्षे जवळजवळ फुकट घालवावी लागतात. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवोदित वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचविले. सुचविले, बंधनकारक केले नाही. ज्याच्या घरी दोन वेळची चूल दुसऱ्याच्या कमाईवर पेटू शकते, तोच ज्येष्ठाकडे बसून शिकू शकतो. पीएच.डी.च्या बाबतीत गाइड मिळणे हीच खरी प्रवेशपरीक्षा असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. ते कोणते घ्यावयाचे हे ठरविताना गुणपत्रिकेबरोबर आडनावही वाचले जाते, ही तक्रार जुनी आहे.

मार्गदर्शन नाकारले जाते तेव्हा काय होते, याची आठवण जळगावच्या डॉ. पायल तडवी या नावात आहे. तडवी भिल्ल समाजाची ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपविले. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीय छळाचा आरोप ठेवण्यात आला. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु शस्त्रक्रियागृहापासून तिला दूर ठेवले जाई, ही कुटुंबाची तक्रार नीट समजून घेतली पाहिजे. शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही. वरिष्ठाचा हात पाहत, त्याच्या शेजारी उभे राहूनच ती येते. त्या शेजारातून ज्याला हलविले, त्याचे शिक्षणच काढून घेतले जाते आणि हजेरीपटावर त्याची खूणही उमटत नाही.

शासनाला हे कळत नाही असे नाही. नॅकच्या मूल्यांकनात मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर विचारले जाऊ लागल्यापासून महाविद्यालयांत ‘मेंटॉर-मेंटी’ची वही आली. समिती येण्यापूर्वी तीत सह्या होतात. पदे रिक्त असल्याने या सह्या करणारा पुष्कळदा तासिका तत्त्वावरील शिक्षक असतो. त्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुटीत काहीच मिळत नाही आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे त्याला ठाऊक नसते. ज्याची स्वतःची वाट निश्चित नाही त्याने इतरांना वाट दाखवावी, अशी ही व्यवस्था. एकलव्य शाळांची शिक्षकभरती २०२३ मध्ये केंद्रीय पातळीवर झाली आणि तिच्यात हिंदीचे ज्ञान आवश्यक ठरले. पावरी, भिली किंवा मावची बोलणारे मूल आपली अडचण कोणत्या भाषेत सांगणार, याचा विचार दिसत नाही.

तथापि, मार्गदर्शक नेमले की काम झाले असे मानणेही चुकीचे ठरेल. गुरुशिष्य परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिची दुसरी बाजू पाहावी: गाइडच्या घरचा बाजार आणणारे विद्यार्थी, प्रबंधावरील सहीसाठी वर्षानुवर्षे झुलविलेल्या संशोधक मुली. नकार देण्याची, मार्गदर्शक बदलून मागण्याची, तक्रार करूनही शिक्षण चालू ठेवण्याची सोय नसेल, तर अंगठ्याची मागणी आज ना उद्या होणारच. म्हणून हे नाते कोणाच्या कृपेवर नव्हे, नियमावर उभे राहिले पाहिजे. शिक्षकाच्या कार्यभारात त्याचे तास धरले जावेत, कायम पदे भरली जावीत आणि ज्या मुलांनी ही वाट स्वतः चालली आहे त्यांना या कामाचे मानधन मिळावे.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिलेले बरे. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाच्या कामाला शहरांतून आलेल्या सुशिक्षित तरुणांची जोड मिळाली. जमिनीचे आणि मजुरीचे कायदे सालदारांपर्यंत पोहोचले ते या सोबतीमुळे. पण त्याच चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत व्यासपीठावर बसणारे कोण आणि खाली बसणारे कोण, हेही विचारून ठेवले. ते बाहेरच्या शत्रूला उद्देशून नव्हते, मित्रांना होते.

नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातील आदिवासी मुले आता तेथे शिकतात. प्रवेशाच्या खिडकीपासून वसतिगृहातील पहिल्या रात्रीपर्यंतचे सारे त्यांना नुकतेच ठाऊक झाले आहे. त्यांच्यापैकी दोघांना महिन्यातून एकदा धानोऱ्याच्या शाळेत नेऊन अकरावी-बारावीच्या मुलींपुढे बसविण्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. एस.टी.चे भाडे आणि एक रविवार एवढाच त्याचा खर्च आहे, आणि तालुक्यातील कार्यकर्त्यांना तो येत्या महिन्यापासून उचलता येण्यासारखा आहे.