यादी ऑलिम्पिकची बदलते, तालुक्याची का बदलत नाही?

राजगीरला ७ सप्टेंबर २०२५ रोजी भारताने कोरियाला ४-१ ने हरवून आशिया चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकातली जागा पक्की केली. तेव्हापासून आमच्या टपालात हॉकीची पत्रे वाढली आहेत. श्रीजेश निवृत्त झाला, आता गोलात कोण? कृशन पाठक, की मुंबईचा सूरज करकेरा? हरमनप्रीत बाकावर असताना पेनल्टी कॉर्नर कोणी मारायचा, जुगराजने की अमित रोहिदासने? मनप्रीतचे पाय अजून किती सामने पुरतील? एका क्रीडाशिक्षकाने तर राखीव खेळाडूंसह अख्खा संघ लिहून पाठवला आहे आणि प्रत्येक नावापुढे कारण दिले आहे. आमच्या मानोऱ्याच्या बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवरही शाळा सुटल्यावर हाच वाद रंगतो.

ही पत्रे मी आवडीने वाचली. ज्यांना खेळ कळतो तेच असे भांडतात. पण उत्तरादाखल प्रत्येक पत्रलेखकाला मला एक प्रश्न विचारायचा आहे. यंदा आपल्या शाळेच्या हॉकीच्या प्रवेशिकेत आपण किती नावे भरली आणि त्यांतल्या किती मुलांनी त्याआधी हातात स्टिक धरली होती?

प्रश्न कडवट वाटेल, पण तो विचारायची वेळ आली आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिक संघात मुंबईचा देविंदर वाल्मिकी होता. त्यानंतर टोकियोच्या आणि पॅरिसच्या, दोन्ही कांस्यपदक विजेत्या संघांत महाराष्ट्रातला एकही खेळाडू नव्हता. खडकीच्या धनराज पिल्लेने ज्या राज्यातून निघून चार ऑलिम्पिक खेळली, त्या राज्याची ही अवस्था आहे. १९९८ मध्ये बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळाले आणि त्यानंतर लगेच कर्णधार धनराजसह सात जणांना विश्रांतीच्या नावाखाली संघाबाहेर ठेवले. त्या वेळी महाराष्ट्र पेटून उठला होता, कारण वगळलेला माणूस आपला होता. आज पुरुषांच्या संघातून वगळायला करकेरा सोडला तर आपला फारसा कोणी नाही. मग यादीवर भांडून आपण नेमके कोणासाठी भांडतो?

वरची यादी दिल्लीत ठरते, असे आपण समजतो. माझ्या मते तिची सुरुवात तालुक्यातल्या शाळेच्या प्रवेशिकेवर होते आणि तिथेच ती बिघडते. या अंकात मला त्याच प्रवेशिकेबद्दल बोलायचे आहे.

आपल्या सर्वांना ठाऊक असलेली पद्धत अशी. शाळा सुरू होऊन बस्तान बसते न बसते तोच ऑनलाइन नोंदणीची मुदत येते. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, फोटो, सहभाग शुल्क असे सगळे भरून नावे गोठवायची. सामने होतात तीन-चार महिन्यांनी, कधी दिवाळीआधी, कधी नंतर. मधल्या काळात आमच्या तालुक्यात काय घडते, हे ते वेळापत्रक करणाऱ्याला ठाऊक नसते. मानोरा तालुका हा तांड्यांचा तालुका आहे. पोहरादेवीच्या यात्रेला लाखोंनी येणारा बंजारा समाज वर्षातले कित्येक महिने कामाच्या शोधात गावाबाहेर असतो. सुगी आटोपली की आईवडील निघतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही निघतात. जूनमध्ये वर्गात बसलेली मुलगी नोव्हेंबरमध्ये वर्गात असेलच, याची हमी इथला मुख्याध्यापकही देऊ शकत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मुलींचा एक संघ घेऊन मी विभागीय स्पर्धेला गेलो होतो. यादीत सोळा नावे होती. त्यांतल्या सहा जणी दिवाळीनंतर आईवडिलांसोबत बाहेरगावी गेल्या होत्या. त्यांच्या जागी दोन मुली रोज पहाटे सरावाला येत होत्या. एक डाव्या बगलेवरून सुसाट धावायची. दुसरीचा पुश इतका सरळ आणि जोरकस होता की मुरमाच्या मैदानावरही चेंडू उसळत नसे. दोघींची कागदपत्रे माझ्या पिशवीत होती आणि वयाचा प्रश्न नव्हता. नोंदणीच्या टेबलावर मी विनंती केली, मुख्याध्यापकांचे पत्र दाखवले. उत्तर मिळाले, "सर, पोर्टल बंद झालंय. आता आम्हालाही काही करता येत नाही." त्या दोघी मैदानाच्या कडेला बसून राहिल्या आणि आमच्या गोलकीपर धरून दहाच जणी खेळल्या. सामना हरलो, त्याचे दुःख मला फार नाही. डाव्या बगलेवरून धावणाऱ्या त्या मुलीने परतीच्या एसटीत स्टिक माझ्याकडे परत दिली आणि पुन्हा मागितली नाही, याचे मात्र आहे.

आता याच्याशेजारी टोकियोचे ऑलिम्पिक ठेवून पाहा. आधी भारताचा सोळा जणांचा संघ होता आणि सिमरनजीत सिंग राखीव होता. महामारीमुळे नियम सैल केले गेले, राखीव धरून अठराही जण संघाचे धरले गेले आणि प्रत्येक सामन्यासाठी त्यांतून सोळा निवडायची मुभा मिळाली. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा मागे होता. तो सामना आपण ५-४ ने जिंकला. त्यात पहिला गोल सिमरनजीतचा आणि पाचवाही त्याचाच. मॉस्को ऑलिम्पिकनंतर ४१ वर्षांनी हॉकीचे पदक आले, ते मूळ सोळांत नाव नसलेल्या खेळाडूच्या स्टिकवरून आले. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेला आपली यादी अडचण पाहून बदलता येते. शाळकरी मुलींच्या विभागीय स्पर्धेला ती बदलता येत नाही, याचे कारण कोणत्याही क्रीडा अधिकाऱ्याने मला समजावून सांगावे. पोर्टल माणसांनी केले आहे. ते माणसांना उघडता येते.

मात्र सगळा दोष कार्यालयांवर टाकून आपण सुटू शकत नाही. यादी इतकी घट्ट का गोठवली गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. क्रीडा गुण आणि नोकरीतले पाच टक्के आरक्षण आल्यापासून कागदावरचे संघ वाढले. हॉकीला तालुक्यात संघ नाहीत, जिल्ह्यात एखाददुसरा. म्हणून हॉकीचे नाव भरायचे, समोर कोणी नाही म्हणून बाय घ्यायचा, पुढे चाल मिळवायची आणि चेंडूला स्टिक न लावता जिल्ह्याचे विजेते व्हायचे. विभागाला जायचे, पहिल्याच सामन्यात दहा-बारा गोल खायचे आणि प्रमाणपत्रे घेऊन परतायचे. कधी दुसऱ्याच खेळातली मुले तिथे उभी करायची. त्या मुलांना पुश आणि हिट यांतला फरक माहीत नसतो आणि गोलकीपरला पॅड कसे बांधायचे हे मैदानावरच सांगावे लागते. हे मी ऐकीव लिहीत नाही. माझ्याही हातून एका वर्षी बिनखेळाचे विजेतेपद घेतले गेले आहे. मुलांचे भले होते, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली होती. ती चूक होती आणि ती मी इथे मान्य करतो.

कारण त्या विजेतेपदाची किंमत खेळणारी मुले मोजतात. बनावट नावे बदलली जाऊ नयेत म्हणून यादी गोठते आणि गोठलेल्या यादीत खरी मुलगी बाहेर राहते. पुढे नोकरीच्या वेळी विभागीय कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा खऱ्या खेळाडूलाही संशयाच्या रांगेत उभे राहावे लागते. आपण भरलेले प्रत्येक खोटे नाव कोणा तरी खऱ्या नावाची जागा अडवते.

मैदान नाही, ॲस्ट्रोटर्फ नाही, साहित्य नाही, ही पत्रांतली नेहमीची तक्रार आहे. ती खरी आहे. आंतरराष्ट्रीय हॉकी १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकपासून टर्फवर गेली आणि आपली मुले अजून मुरमावर खेळतात. एका गोलकीपर किटच्या पैशांत शाळेच्या डझनभर स्टिका येतात. तरीही ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्याकडे पाहा. तिथल्या आदिवासी गावांत बोकड बक्षीस ठेवून हॉकीच्या स्पर्धा होत आल्या आहेत. एकट्या सौनामारा गावाने दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास दिले. राउरकेलाचे बिरसा मुंडा स्टेडियम २०२३ मध्ये उभे राहिले. खेळणारी गावे त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून होती. पंजाबातल्या संसारपूर या एका गावाने डझनाहून अधिक ऑलिम्पियन दिले, तेही गवताच्या मैदानावरून. आधी सामने झाले, सुविधा नंतर आल्या.

लांब कशाला, सातारा जिल्ह्याकडे पाहा. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या. याच जिल्ह्याची ऋतुजा पिसाळ जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला फाइव्ह-अ-साइड हॉकीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळली. नेदरलँड्सने तो सामना ७-२ ने जिंकला, पण भारताच्या दोन गोलांपैकी एक ऋतुजाचा होता. शेतकऱ्यांच्या तालुक्यातून मुली तिथवर जातात, कारण तिथे कोणीतरी वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी चेंडू टाकत राहिले आणि योग्य वेळी त्या मुलींना क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली. आपल्या तांड्यांवरच्या मुलींच्या पायांत वेग कमी नाही आणि दमही कमी नाही. त्यांच्यासमोर चेंडू टाकणारे आपण कमी आहोत.

मस्कतचे उदाहरण मी मुद्दाम दिले. पाच जणांच्या हॉकीला पूर्ण मैदानाच्या निम्म्याहून कमी जागा पुरते. दोन्ही बाजूंचे मिळून दहा खेळाडू, गोलकीपरचे दोन किट आणि सपाट केलेला मुरूम एवढ्यावर सामना उभा राहतो. एका शाळेला अकरा मुले जमत नसतील तर पाच नक्की जमतील. चार मुले कामाला बाहेरगावी गेली तरी उरलेल्यांचा संघ टिकतो. आपल्या तालुक्यासारख्या ठिकाणी हॉकी रुजवायची तर सुरुवात इथूनच करावी लागेल, अशी माझी खात्री झाली आहे.

म्हणून क्रीडा विभागाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, शालेय हॉकीची यादी पहिल्या सामन्याआधीच्या व्यवस्थापक बैठकीपर्यंत बदलता आली पाहिजे. वय आणि शाळेची नोंद खरी असेल तर किमान चार बदल मान्य व्हावेत. दुसरी, मैदानावर प्रत्यक्ष सामना झाल्याशिवाय कोणत्याही स्तराचे प्रमाणपत्र देऊ नये. बाय मिळाला तर संघ पुढे जावा, पण विजेता म्हणून त्याची नोंद होऊ नये. तिसरी, जिथे पूर्ण संघ नाहीत तिथे जिल्हा पातळीवर पाच जणांची स्पर्धा सुरू करावी. यांतल्या एकाही मागणीला नवा निधी लागत नाही. लागतो तो निर्णय, आणि तो पुढच्या नोंदणीची मुदत सुरू होण्याआधी झाला पाहिजे.

आणि क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्याकडे एकच मागणी आहे. पुढच्या वर्षी जी मुले खेळतात तेवढीच नावे भरा. नऊ असतील तर नऊ भरा. पाच असतील तर शेजारच्या शाळेला निरोप धाडा आणि रविवारी सकाळी आपसात खेळा. मानोरा, कारंजा, मंगरूळपीर, दिग्रस ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. एका शाळेकडे स्टिका असतील, दुसरीकडे पॅड असतील, तिसरीकडे सपाट मैदान असेल. वर्षातून एक विभागीय सामना हरून येण्यापेक्षा दर महिन्याला चार खरे सामने खेळलेला मुलगा कितीतरी पुढे जाईल. अशा सामन्यांचा निकाल आणि दोन्ही संघांची खरी यादी आमच्याकडे पाठवा. संघ कितीही लहान असो, आम्ही ती पुढच्या अंकापासून छापू.

ऑगस्ट २०२६ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक आहे. संघ जाहीर होईल तेव्हा टपरीवर वाद होईलच आणि मीही त्यात असेन. पण त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आपल्या शाळेच्या मैदानावर किती मुलांच्या हातात स्टिक होती, तेही मोजा आणि तो आकडा आम्हाला कळवा. संघाच्या यादीपेक्षा मला तो आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.