आधी मिल, मग मॉल

आपल्या गावात मॉल असावा असं अचलपूर-परतवाड्याच्या तरुण पोरांना वाटलं तर त्यात वावगं काही नाही. लग्नाचा बस्ता बांधायला अमरावती, दिवाळीचे कपडे घ्यायला अमरावती. पन्नास किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. इमादशाहीच्या काळात वऱ्हाडची राजधानी असलेल्या, 1905 पर्यंत स्वतःचा जिल्हा असलेल्या शहराने हे कायम का सोसावं? पण मॉल मागण्याआधी मुंबईत मॉल कशावर उभे राहिले आणि त्या व्यवहारात अचलपूरच्या पदरात काय पडलं, हा हिशेब एकदा मांडायला हवा. या गावाचा आणि मॉलचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

1999 साली मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं. देशातल्या अगदी पहिल्या मॉलमध्ये त्याची गणना होते. सुरुवातीच्या दिवसांत आत जायचं तर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर 60 रुपये मोजावे लागत. पुढे ते विकलं गेलं, नाव बदललं आणि यथावकाश ओस पडलं. पण मॉलची खरी लाट आली ती गिरणगावात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मोडकळीला आल्या आणि त्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानेही, म्हणजे एनटीसीने, 2005 मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटींना विकल्या. शिवसेना भवनासमोरच्या एकट्या कोहिनूर मिलचे 421 कोटी आले. या पैशातून उरलेल्या गिरण्यांना नवी यंत्रं देऊ, कामगारांची देणी भागवू, असं ठरलेलं होतं.

अचलपूर इथे या गोष्टीत येतं. गावची जुनी विदर्भ मिल 1974 च्या कायद्याने सरकारकडे आली आणि पुढे बंद पडली. परळची फिनले मिल संपानंतर 1983 मध्ये सरकारने ताब्यात घेतलेल्या 13 गिरण्यांपैकी एक. जमिनी विकून गिरण्या सावरण्याच्या एनटीसीच्या याच पुनर्रचनेत फिनलेचं नाव परळहून अचलपूरला आलं आणि विदर्भ मिल गमावलेल्या गावाला नवी गिरणी मिळाली. कापूस वऱ्हाडचा, हात वऱ्हाडचे, यंत्रं नवी. मार्च 2020 च्या टाळेबंदीत एनटीसीच्या देशभरातल्या गिरण्या थांबल्या, त्यात हीसुद्धा थांबली. टाळेबंदी उठली, दुकानं उघडली, शाळा उघडल्या, गिरणी मात्र उघडली नाही. मुंबईच्या जमिनी विकून झाल्या आणि अचलपूरच्या तोंडाला पानं पुसली गेली, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

गिरणीचा पगार गावात कसा फिरतो ते ज्याने पाहिलंय त्याला बाजाराचं अर्थशास्त्र वेगळं शिकावं लागत नाही. पगाराच्या संध्याकाळी किराणावाला उधारीची वही गल्ल्याजवळ घेऊन बसतो. एकेका नावापुढची बाकी खोडली जाते आणि त्याच नावावर लगेच पुढच्या महिन्याचं तेल, साखर, गहू लिहिले जातात. तिथून माणूस कापडाच्या दुकानात जातो, पोराच्या गणवेशाचं कापड फाडून घेतो, शिंप्याकडे टाकतो, घरी जाताना पावशेर जिलेबी बांधून घेतो. गिरणी बंद पडली की पहिला फटका किराण्याला बसत नाही, शिंप्याला बसतो. तेल-डाळ निम्मी करून का होईना घ्यावीच लागते. नवा शर्ट पुढच्या वर्षावर ढकलता येतो. मॉलमध्ये मुख्यतः विकलं जातं ते हेच, पुढे ढकलता येणारं सामान. ज्या गावात महिन्याचा बांधलेला पगार आटला तिथे काचेची चार मजली इमारत बांधली तरी तळमजल्यावर मोबाइलची कव्हरं आणि वर कुलूपबंद गाळे, एवढंच उरतं. तालुक्या-तालुक्यांतली व्यापारी संकुलं याची साक्ष देत उभी आहेत.

आणि बाजार कसा असावा हे वऱ्हाडाला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये आपल्या कारंज्याला सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. माप, दलाली, हर्रास सगळं नियमात आलं. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथेच आहे. इंग्रजांनी हे मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगली रुई मिळावी म्हणून केलं, शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे. शकुंतला रेल्वेचा मूर्तिजापूर-अचलपूर हा 76 किलोमीटरचा अरुंद रूळही कापसाच्या गाठी बाहेर नेण्यासाठीच टाकला गेला. सरकी इथे राहिली, कापूस गेला, कापड विकत घ्यावं लागलं. ज्या थोड्या ठिकाणी इथल्या कापसाचं सूत आणि कापड इथेच झालं, त्यांत अचलपूर होतं. म्हणून ही गिरणी साध्या कारखान्यापेक्षा मोठी आहे.

परतवाड्याचा बाजार मेळघाटचाही आहे. डोंगर उतरून आलेलं कोरकू कुटुंब इथे मीठ, कपडे, भांडी घेतं. सागवानाच्या वखारी इथे आहेत. संत्र्याचा हंगाम इथून जातो. या बाजारात शिरायला कुणाला कार्ड दाखवावं लागत नाही. तिथे बसणाऱ्या बाईला उन्हात छप्पर नसेल, जवळपास स्वच्छ मुतारी नसेल, तर नगरपरिषदेचा पहिला पैसा त्यावर खर्च झाला पाहिजे. व्यापाऱ्यांच्या अंगात काय धमक आहे हे अमरावतीने दाखवलंच आहे. नागपूर रस्त्यावर सिटीलँड, बिझिलँड अशी घाऊक कापडाची मोठी संकुलं तिथल्या व्यापाऱ्यांनी उभी केली. दुःख एवढंच की सुरत-अहमदाबादचं कापड तिथे ढिगाने येतं आणि पन्नास किलोमीटरवर आपली गिरणी बंद असते.

20 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी वर्ध्यातून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. एक हजार एकरांचा हा पार्क व्हावा, जोरात व्हावा. पण नवा पाया खोदताना जिल्ह्यात आधीच उभी असलेली सरकारी गिरणी कुणाच्याच भाषणात नसावी, हे मनाला लागतं. जिल्ह्याच्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे एकत्र जाऊन लेखी उत्तर घ्यावं: एनटीसी ही गिरणी चालवणार आहे की नाही, असेल तर कोणत्या तारखेपासून? चालवणार नसेल तर पार्कच्या योजनेत तिला सामील करून राज्य सरकारने, कामगारांच्या सहकारी संस्थेने किंवा नव्या उद्योजकाने ती कापडासाठीच चालवावी. कामगारांचं थकलेलं देणं आधी द्यावं. आणि तिच्या जमिनीचा दुसरा कोणताही वापर, मॉल धरून, होणार नाही असा ठराव नगरपरिषदेने आजच करून ठेवावा. गिरणगावात जमीन आधी गेली आणि आश्वासनं मागे राहिली, हे आपण पाहिलेलं आहे.

हे सगळं लवकर व्हायला हवं. सूत तुटल्याचं नुसत्या आवाजावरून ओळखणारे अचलपूरचे कामगार अजून आहेत. त्यातले कुणी पुण्याला चौकीदारीला गेले, कुणी संत्र्याच्या बागेत रोजाने जातात. आणखी पाच-सात वर्षांनी गिरणी उघडली तर त्यांना कामावर बोलावण्यात अर्थ उरणार नाही.