लेख वाचला यंत्राने, मानधन कोणाचं?

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, बँक ऑफ बडोदाची कार्डयंत्रं दुकानांत बसली, वडापावसुद्धा कार्डावर मिळतो अशा बातम्या झळकल्या. नव्याची नवलाई ओसरल्यावर नेटवर्कची रडगाणीही छापून आली. या सगळ्या गाजावाजात दुकानदाराच्या दृष्टीने खरा प्रश्न एकच होता: मधला कट कोणाच्या खिशातून जाणार? कार्डाच्या अनेक व्यवहारांवर बँकेला रकमेचा छोटा वाटा द्यावा लागतो, आणि धसईसारख्या बाजारात किराण्याच्या नफ्याचा हिशेब पैशापैशाने होतो.

आज हाच प्रश्न लिहिणाऱ्यांपुढे आहे. लेखाच्या माथ्यावर ‘ऐका’ असं बटण दिसू लागलंय. ते नसेल तर फोनमधला ब्राउझरच पान वाचून दाखवतो. निवेदक नको, स्टुडिओ नको, मजकूर टाकला की आवाज तयार. गावाला यंत्राच्या आवाजाचं कौतुक उरलेलं नाही. गल्ल्याजवळचा साउंडबॉक्स दिवसभर ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणत असतो आणि कोणी मान वर करून बघत नाही. पण रक्कम सांगणं वेगळं, लेख वाचणं वेगळं.

धसईच्याच एका दुकानात मी या सदरातला जुना लेख फोनवर लावून दिला. यंत्र भराभर वाचत सुटलं. ‘ता. मुरबाड, जि. ठाणे’ हे ‘ता मुरबाड जि ठाणे’ झालं. ‘जरा थांबा’ मधला ‘जरा’ म्हातारपणाच्या ‘जरा’सारखा आला. टोकावडे सुखरूप पार पडलं, किन्हवली मात्र अडखळली. बाकावर बसलेल्या आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “बाई बोलते बरी, पन थांबत नाय.”

बोट नेमकं दुखण्यावर पडलं. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात. श्रीधर कवींचा ‘हरिविजय’ १७०२चा, ‘पांडवप्रताप’ १७१२चा. पण गावोगावच्या ज्या बायाबापड्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही त्यातले प्रसंग तोंडपाठ असत. कारण एक जण ओवी वाचतो, थांबतो, दुसरा अर्थ सांगतो, मग पुढची ओवी. श्रोत्याला गोष्ट पचायला वेळ मिळतो तो त्या थांबण्यात. यंत्राला स्वल्पविराम कळतो. ऐकणारा कुठे मागे राहिला, हे कळत नाही.

म्हणून बहुतेक लेखकांची पहिली तक्रार आवाजाबद्दल असते: सपाट आहे, भाव नाही, आपल्या भाषेचा लहेजा नाही. तक्रार खरी आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. यंत्र सुधारतंय. ‘ता.’ म्हणजे तालुका हे ते उद्या शिकेल, परवा योग्य जागी उसासाही टाकेल. आपली हरकत फक्त उच्चारांवर उभी असेल, तर त्या दिवशी आपल्याकडे बोलायला काहीच उरणार नाही. हरकत घ्यायची ती परवानगी आणि मोबदला या दोन मुद्द्यांवर.

आणि तिला कायद्याचा आधार आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की वृत्तपत्राच्या नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुरावरही मालकाचा पहिला हक्क वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता असतो. वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क लेखकाकडेच राहतात. बाहेरून लिहिणाऱ्याची बाजू तर याहून भक्कम. २०१२च्या दुरुस्तीने कलम १८मध्ये आणखी एक आडकाठी घातली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट नाव घेतल्याशिवाय दिले गेले असं धरता येत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पत्रावर सही केलेल्यांनी ते पत्र शोधून पुन्हा वाचावं.

अमेरिकेत हा तंटा २००९मध्येच झाला. अ‍ॅमेझॉनचं ‘किंडल २’ हे वाचनयंत्र पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू लागलं तेव्हा ‘ऑथर्स गिल्ड’ या लेखकसंघटनेने हरकत घेतली: आवाजाचे हक्क आम्ही वेगळे विकतो. महिन्याभरात अ‍ॅमेझॉनने निर्णय हक्कधारकांवर सोडला. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये दृष्टिहीन वाचक गिल्डच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यालयासमोर निदर्शनं करायला उभे राहिले. लेखकांनी दार लावलं, तर दाराबाहेर आधी तेच सापडतात. आपल्या कायद्याने ही वाट मोकळी ठेवली आहे: कलम ५२मधल्या तरतुदीनुसार अपंग वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर सुलभ आवृत्ती करायला परवानगी लागत नाही. तिला कोणी हात लावू नये.

आवाज ज्यांचा असतो, त्यांचं काय? मध्य रेल्वेच्या उद्घोषक सरला चौधरी यांचा ध्वनिमुद्रित आवाज, त्यांनी ते काम सोडल्यावरही फलाटांवर गाड्या जाहीर करत राहिला. निदान तो त्यांनी स्वतः दिलेला आवाज होता. आता नमुना घेऊन नक्कल करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५मध्ये आशा भोसले यांना अशा नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. पण रोजंदारीवर निवेदन करणाऱ्या कलाकाराने कोर्टाची पायरी कशी चढायची? त्याचं काम आधी जातं आणि नाव कुठेच येत नाही.

तेव्हा मागणी अवघड नाही. यंत्र वाचत असेल तर सुरुवातीला तसं सांगा. श्राव्य रूपाची परवानगी छापील लेखाच्या मानधनात गुपचूप गुंडाळू नका. त्या आवाजाआधी जाहिरात वाजत असेल, तर तिच्या पैशात लेखकाचा वाटा धरा. गावांच्या नावांचे उच्चार चुकले तर दुरुस्त करून घेणारं एक माणूस ठेवा. ते काम निवेदकाला देता येईल.

आणि लेखकांनो, पुढच्या करारावर सही करण्याआधी त्यात ‘श्राव्य’ हा शब्द शोधा. नसेल आणि सगळे हक्क दिल्याचंही लिहिलेलं नसेल, तर हक्क तुमचाच आहे, तसं लिहून घ्या. असेल तर धसईच्या दुकानदारासारखा दर विचारा.